आर्ची कॉक्रेन : प्रत्येक उपचाराचा पुरावा मागणारे डॉक्टर

औषध सुरू करण्याआधी इंटरनेटवर शोधून येणारे रुग्ण आता नवीन राहिलेले नाहीत. ओपीडीत रोज दोन-तीन जण तरी मोबाइल पुढे करतात. एखादा व्हिडिओ असतो, व्हॉट्सॲपवर आलेला मजकूर असतो, आणि त्यात हमखास एक वाक्य असतं की हे संशोधनातून सिद्ध झालं आहे. कोणतं संशोधन, किती लोकांवर, कशाशी तुलना करून, यातलं काहीच लिहिलेलं नसतं.

हेच प्रश्न एका स्कॉटिश डॉक्टरने जन्मभर विचारले, तेही फसव्या जाहिरातदारांना नव्हे तर स्वतःच्याच व्यवसायबंधूंना. त्यांच्या नावाची ऑनलाइन लायब्ररी आज जगभरातले डॉक्टर आणि सरकारं वापरतात. 'कॉक्रेन' हे नाव तुम्ही कदाचित ऐकलं असेल, पण त्यामागचा माणूस फारसा कुणाला माहीत नसतो. ती लायब्ररी कशी वापरायची ते लेखाच्या शेवटी सांगितलं आहे, पण माणूस आधी समजला तर ती वापरणं सोपं जातं.

सुरुवातीची वर्षं

आर्चिबाल्ड लेमन कॉक्रेन यांचा जन्म १२ जानेवारी १९०९ रोजी स्कॉटलंडमधल्या गॅलाशील्स या गावी झाला. घराणं लोकरी कापडाच्या धंद्यातलं, सुखवस्तू. वडील पहिल्या महायुद्धात १९१७ साली मारले गेले. आर्ची अभ्यासात हुशार होते. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमधून ते विज्ञान शाखेत प्रथम श्रेणीत उत्तीर्ण झाले.

पंचविशीच्या आत त्यांना स्वतःलाच रुग्ण व्हावं लागलं. त्यांची शारीरिक तक्रार डॉक्टरांनी फारशी मनावर घेतली नाही. मग ते मनोविश्लेषक थिओडोर राइक यांच्याकडे गेले. हिटलरच्या उदयामुळे ज्यू असलेले राइक बर्लिनहून व्हिएन्नाला आणि तिथून हेगला गेले, आणि हा रुग्णही त्यांच्यामागून गेला. इतकं करूनही तक्रार गेली नाही. कॉक्रेन कुटुंबात पॉर्फिरिया हा आनुवंशिक आजार आहे आणि तो आर्ची यांनाही आहे, हे खूप उशिरा कळलं. मनोविश्लेषणातून त्यांना एकच गोष्ट मिळाली. सिद्धांत ऐकायला कितीही सुंदर असला तरी तो प्रयोगात तपासला गेला नसेल तर त्यावर विसंबायचं नाही, हा संशय त्यांच्या स्वभावात कायमचा बसला.

१९३४ मध्ये लंडनला वैद्यकीय शिक्षण सुरू झालं. ते मध्येच सोडून ते स्पेनच्या यादवी युद्धात जखमींवर उपचार करणाऱ्या ब्रिटिश पथकात सामील झाले. परत येऊन १९३८ मध्ये डॉक्टर झाले. त्याच काळात ब्रिटनमध्ये सर्वांसाठी सरकारी आरोग्यसेवेची मागणी होत होती. एका मोर्चात कॉक्रेन स्वतः केलेला फलक घेऊन चालले होते. जे उपचार खरोखर परिणामकारक आहेत ते सगळे मोफत मिळाले पाहिजेत, असा त्यावरचा आशय होता. मोफत या शब्दावर सगळेच खूश होते. परिणामकारक या शब्दाकडे मात्र फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही.

वीस कैद्यांवरचा प्रयोग

दुसऱ्या महायुद्धात ते ब्रिटिश लष्कराच्या वैद्यकीय दलात होते. १९४१ च्या जून महिन्यात क्रीट बेटावर जर्मनांनी त्यांना पकडलं. ग्रीसमधल्या सॅलोनिका इथल्या छावणीत हजारो युद्धकैदी होते आणि त्यांची वैद्यकीय जबाबदारी कॉक्रेन यांच्यावर येऊन पडली. रोजचं जेवण ४००-५०० कॅलरींचं. म्हणजे आपल्याकडच्या साध्या भाजी-पोळीच्या एका ताटाइतकं, आणि तेही दिवसभरासाठी. जुलाब, घटसर्प, विषमज्वर, कावीळ, सगळंच होतं. औषधं जवळजवळ नव्हतीच.

एवढ्या साथींमध्ये शेकडो माणसं जातील असं त्यांना वाटलं होतं. प्रत्यक्षात मृत्यू झाले चार, आणि त्यातले तीन पहारेकऱ्यांच्या गोळीने. ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून राहिली. डॉक्टर जवळ असणं आणि रुग्ण बरा होणं, यांचा संबंध आपण समजतो तितका घट्ट नसतो. शरीर पुष्कळदा स्वतःच सावरतं आणि श्रेय मात्र त्या वेळी जे औषध चालू असेल त्याला जातं.

काही दिवसांनी कैद्यांच्या पायांवर सूज दिसू लागली. बोट दाबलं तर खड्डा पडेल अशी सूज. रोज नवे रुग्ण येत होते. स्वतः कॉक्रेन यांचे पायही सुजले होते. बी जीवनसत्त्वाच्या कमतरतेने होणारा बेरीबेरी असावा, असा त्यांना संशय आला. त्यांनी काळ्या बाजारातून थोडं यीस्ट मिळवलं. जवळ थोडं सी जीवनसत्त्वही होतं. मग त्यांनी २० रुग्ण निवडले आणि त्यांना दहा-दहाच्या दोन खोल्यांत ठेवलं. एका खोलीला रोज यीस्ट दिलं, दुसरीला सी जीवनसत्त्व. लघवी मोजायला भांडीसुद्धा पुरेशी नव्हती, म्हणून प्रत्येक जण किती वेळा लघवीला जातो एवढंच लिहून ठेवलं.

पहिले दोन दिवस काहीच फरक नव्हता. तिसऱ्या दिवशी थोडा दिसला. चौथ्या दिवशी यीस्टच्या खोलीतले दहापैकी आठ जण बरे वाटत असल्याचं सांगत होते आणि दुसऱ्या खोलीत कुणालाच आराम नव्हता. ही आकडेवारी घेऊन ते जर्मन अधिकाऱ्यांकडे गेले. दुसऱ्या दिवशी यीस्ट आलं, आणि पुढे जेवणही थोडं वाढलं. महिन्याभरात सूज बरीच ओसरली.

या प्रयोगाबद्दल त्यांनी १९८४ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये लिहिलं. त्यात त्यांनी स्वतःची पाठ थोपटली नाही. रुग्ण फार थोडे होते, काळ फार कमी होता, आणि सूज बहुधा बेरीबेरीची नसून उपासमारीची होती, हे त्यांनी मान्य केलं. हा आपला पहिला प्रयोग, सर्वांत वाईटही आणि सर्वांत यशस्वीही, असं त्यांचं त्यावरचं मत होतं. मला या प्रसंगातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. समोर हजारो आजारी माणसं आणि हातात मूठभर यीस्ट असताना ते सगळं वाटून टाकण्याचा मोह कुणालाही झाला असता. तसं केलं असतं तर यीस्टचा उपयोग होतो की नाही हे कधीच कळलं नसतं, आणि आणखी यीस्ट मिळालंही नसतं.

पुढे जर्मनीतल्या छावण्यांमध्ये त्यांच्याकडे क्षयाचे रुग्ण होते. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. छातीत हवा भरून फुप्फुस मिटवणं यासारखे उपचार केले जात. कुणावर कोणता उपचार करायचा याचं कॉक्रेन यांना पूर्ण स्वातंत्र्य होतं, पण कोणत्या उपचाराने रुग्ण वाचतो आणि कोणत्याने लवकर मरतो हे सांगणारा पुरावा कुठेच नव्हता. त्या स्वातंत्र्याच्या बदल्यात थोडं ज्ञान मिळालं असतं तर त्यांनी ते आनंदाने घेतलं असतं.

तिथलीच एक रात्र त्यांनी आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे. एक सोव्हिएत कैदी मरणासन्न अवस्थेत आणला गेला. दोन्ही फुप्फुसं पोखरलेली आणि सारखा ओरडत होता. कॉक्रेन यांना रशियन येत नव्हतं, मॉर्फिन संपलेलं होतं, ॲस्पिरिनचा उपयोग झाला नाही. शेवटी ते त्याच्या खाटेवर बसले आणि त्याला कुशीत घेतलं. ओरडणं लगेच थांबलं. काही तासांनी तो शांतपणे गेला. वेदना छातीतल्या सुजेची नव्हती, एकटेपणाची होती, हे तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. पुरावा मागणारा डॉक्टर म्हणजे कोरडा, आकड्यांचा माणूस, असा एक समज असतो, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

खाणकामगारांच्या दारोदार

युद्धानंतर त्यांनी लंडनमध्ये ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांच्याकडे संख्याशास्त्र शिकून घेतलं. रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करायची, एका गटाला नवा उपचार आणि दुसऱ्याला जुना द्यायचा, अशा रँडमाइज्ड चाचणीची पद्धत वैद्यकात रुजवण्यात हिल यांचा मोठा वाटा होता. क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची प्रसिद्ध चाचणी त्यांचीच. विभागणी डॉक्टरने स्वतः केली तर तो नकळत बऱ्या रुग्णांना नवं औषध देतो. चिठ्ठ्यांनी हा पक्षपात टळतो.

१९४८ पासून कॉक्रेन वेल्समध्ये कोळशाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजारावर काम करू लागले. ऱ्होंडा फाख नावाच्या खाणींच्या खोऱ्यातल्या लोकांचे एक्स-रे काढायचे होते. सरकारी गाडी गावात उभी केली की जे येतील ते तपासायचे, अशी त्यांची पद्धत नव्हती. जे येत नाहीत ते जास्त आजारी असतील किंवा उलट जास्त धडधाकट असतील, आणि दोन्हीकडून हिशेब चुकतो. म्हणून त्यांनी माजी खाणकामगारांनाच पथकात घेतलं आणि दारोदार जाऊन खोऱ्यातल्या सुमारे ९० टक्के प्रौढांना गाठलं. पुढे २०-३० वर्षांनीही त्याच लोकांना शोधून पुन्हा तपासलं गेलं.

याच काळात त्यांच्या काखेतल्या गाठीवर शस्त्रक्रिया झाली. काख कॅन्सरने भरलेली आहे असं सर्जनने सांगितलं, छातीचा एक स्नायूही काढून टाकला. कॉक्रेन मरणाच्या तयारीला लागले. नंतर पॅथॉलॉजीचा रिपोर्ट आला आणि त्यात कॅन्सर नव्हताच. बायोप्सीच्या रिपोर्टसाठी दोन-चार दिवस थांबायला सांगितलं की घरची मंडळी अस्वस्थ होतात, हे मला माहीत आहे. ते थांबणं कशासाठी असतं, हे या प्रसंगातून कळावं.

उलटवलेले आकडे

१९६० मध्ये ते कार्डिफला प्राध्यापक झाले. त्या सुमारास हृदयविकाराच्या रुग्णांसाठी रुग्णालयांत खास कोरोनरी केअर युनिट उघडली जात होती. ती महाग होती, आणि घरी उपचार करण्यापेक्षा तिथे जास्त जीव वाचतात का, हे कुणी तपासलं नव्हतं. ब्रिस्टलच्या बाजूला याची रँडमाइज्ड चाचणी सुरू झाली. पहिले आकडे आले तेव्हा रुग्णालयात मृत्यू किंचित जास्त होते. फरक इतका लहान की त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं.

कॉक्रेन यांनी समितीपुढे नेण्यासाठी दोन तक्ते तयार करून घेतले. एक खरा, आणि दुसऱ्यात आकड्यांची अदलाबदल केलेली. आधी खोटा तक्ता दाखवला, ज्यात घरी मृत्यू जास्त होते. हृदयरोगतज्ज्ञ उसळले. ही चाचणी अनैतिक आहे, ताबडतोब बंद करा, असा आग्रह त्यांनी धरला. त्यांचं बोलून झाल्यावर कॉक्रेन यांनी माफी मागून खरा तक्ता पुढे ठेवला आणि विचारलं की याच न्यायाने आता कोरोनरी युनिट बंद करायची का. खोलीत कुणीच बोललं नाही.

इथे एक सूचना द्यायलाच हवी. ही गोष्ट साठ-सत्तरच्या दशकातली आहे. रक्ताची गुठळी विरघळवणारी इंजेक्शनं आणि अँजिओप्लास्टी तेव्हा प्रचारात नव्हती. आज छातीत दुखून घाम येत असेल तर घरी थांबू नका, लगेच रुग्णालय गाठा. तेव्हा खरं असलेलं उत्तर आज खरं असेलच असं नाही, म्हणून संशोधन वाचताना साल आधी पाहायचं.

१९७४ साली पीटर एलवुड, कॉक्रेन आणि सहकाऱ्यांनी हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १,२३९ पुरुषांवर ॲस्पिरिनची चाचणी प्रसिद्ध केली. ॲस्पिरिन घेणाऱ्यांत मृत्यू कमी होते, पण योगायोगाची शक्यता पुसली जाईल इतके कमी नव्हते. त्यांनी तसंच लिहिलं. पुढे अशा अनेक चाचण्या एकत्र मोजल्या गेल्या तेव्हा उत्तर पक्कं झालं, आणि आज झटका येऊन गेलेल्या बहुतेक रुग्णांच्या चिठ्ठीवर ॲस्पिरिन असतं.

छोटं पुस्तक, मोठा प्रश्न

१९७२ मध्ये त्यांचं 'इफेक्टिव्हनेस अँड एफिशियन्सी' हे छोटं पुस्तक आलं. आरोग्यसेवेला पैसा नेहमीच कमी पडणार, तेव्हा जे उपचार नीट चाचणीत उपयोगी ठरले आहेत त्यांवर तो आधी खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. १९७९ मध्ये त्यांनी आणखी टोचणारी गोष्ट लिहिली. प्रत्येक शाखेतल्या सगळ्या रँडमाइज्ड चाचण्या गोळा करून, पारखून, वेळोवेळी ताज्या केलेल्या यादीच्या रूपात वैद्यकाने ठेवलेल्याच नाहीत, ही शरमेची गोष्ट आहे, असं ते म्हणाले. पुराव्याच्या बाबतीत सर्वांत मागे असल्याचं लाकडी चमच्याचं बक्षीस त्यांनी स्त्रीरोग व प्रसूतिशास्त्राला देऊन टाकलं.

प्रसूतिशास्त्रातलेच लोक आधी कामाला लागले, हे विशेष. ऑक्सफर्डमध्ये इयन चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी गरोदरपण आणि बाळंतपणातल्या चाचण्या शोधून काढल्या आणि त्यांचे आढावे घेतले. कॉक्रेन यांनी त्या ग्रंथाला प्रस्तावना लिहिली, पण १९८९ मध्ये तो प्रसिद्ध होण्याआधीच, १८ जून १९८८ रोजी, त्यांचं निधन झालं. स्वतःचा मृत्युलेख त्यांनी आधीच लिहून ठेवला होता. बायको, धर्मश्रद्धा आणि सरकारी गुणवत्ता भत्ता या तिन्हींचा आधार नसलेला, फार सिगारेट ओढणारा माणूस, तरी फार वाईट चाललं नाही, असं त्यांनी स्वतःचं वर्णन केलं होतं. १९९२ मध्ये ऑक्सफर्डला कॉक्रेन सेंटर सुरू झालं आणि पुढच्या वर्षी 'कॉक्रेन' ही आंतरराष्ट्रीय संघटना.

बोधचिन्हातल्या सात रेषा

कॉक्रेनच्या मूळ बोधचिन्हात काही आडव्या रेषा दिसतात. ती नक्षी नाही. दिवस भरण्याआधी प्रसूती होण्याची लक्षणं असलेल्या आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं तर बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात का, यावरच्या सात चाचण्यांच्या त्या रेषा आहेत. पहिली चाचणी न्यूझीलंडमध्ये लिगिन्स आणि हॉवी यांनी १९७२ साली प्रसिद्ध केली. नंतर आणखी झाल्या. सुट्या पाहिल्या तर काही चाचण्यांत फायदा स्पष्ट दिसायचा, काहींत नाही. एकत्र मांडल्यावर बाळांचे मृत्यू कमी होतात हे उघड दिसलं. पण तसा एकत्रित आढावा १९८९ पर्यंत प्रसिद्ध झाला नव्हता. मधल्या काळात अनेक डॉक्टरांनी हे इंजेक्शन दिलंच नाही. माहिती अस्तित्वात होती, फक्त एका जागी नव्हती, आणि त्याची किंमत बाळांनी मोजली.

या गोष्टीचा पुढचा भाग आपल्याजवळचा आहे. २०१५ साली 'लॅन्सेट'मध्ये सहा देशांतली एक मोठी चाचणी आली. त्यात भारतातल्या बेळगाव आणि नागपूर परिसरातल्या माताही होत्या. हेच इंजेक्शन गावपातळीवर, जिथे सोनोग्राफीने दिवस मोजलेले नसतात तिथे, सरसकट वापरलं गेलं तेव्हा नवजात मृत्यू घटले नाहीत. उलट एकूण बाळांत किंचित वाढले. मग जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांमध्ये नव्याने चाचणी केली. दिवस नीट मोजलेले, बाळाची काळजी घेण्याची सोय असलेली. २०२० मध्ये आलेल्या त्या निकालात इंजेक्शन घेतलेल्या मातांच्या बाळांत मृत्यू शंभरात सुमारे वीस होते, न घेतलेल्यांत तेवीस-चोवीस. म्हणजे औषध तेच, पण कोणत्या आईला, किती आठवड्यांना आणि कुठे, यावर उत्तर बदललं. तुमच्या घरात कुणाला मुदतपूर्व कळा सुरू झाल्या तर पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी सोबत का न्यायची, ते यावरून लक्षात येईल.

तुम्ही कुठे आणि कसं शोधाल?

कॉक्रेन लायब्ररीच्या वेबसाइटवर आजाराचं आणि उपचाराचं इंग्रजी नाव टाका, उदाहरणार्थ गुडघ्याची झीज आणि ग्लुकोसामाइन. प्रत्येक आढाव्यासोबत सामान्य वाचकांसाठी सोप्या भाषेतला सारांश असतो आणि तो मोफत वाचता येतो. त्यात तीन गोष्टी शोधा: किती चाचण्या आणि किती माणसं होती, पुरावा किती खात्रीचा आहे, आणि आढावा कोणत्या तारखेपर्यंतचा आहे. खात्री कमी असं लिहिलं असेल तर उपचार वाईट आहे असा अर्थ होत नाही. अजून नीट माहीत नाही, एवढाच होतो.

तिथे काही मिळालं नाही तर पबमेड. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाची ही सूची १९९७ पासून सर्वांना मोफत आहे. पण ती सूची आहे, शिफारसपत्र नाही. त्यात उत्तम संशोधन आहे तसं कच्चंही आहे, उंदरांवरचंही आहे. शोधल्यावर बाजूच्या यादीतून सिस्टिमॅटिक रिव्ह्यू हा पर्याय निवडला की हजारो नोंदींच्या जागी मोजक्या उरतात. एखादा लेख नंतर मागे घेतला गेला असेल तर तशी सूचना नोंदीवरच येते, ती आधी पाहा. व्हॉट्सॲपवर फिरणारे काही गाजलेले निष्कर्ष तिथेच संपतात.

आपल्या देशातली एखादी चाचणी खरंच झाली का, हे पाहायचं असेल तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री इंडिया ही सरकारी नोंदवही आहे. २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंद तिथे आधी करणं बंधनकारक आहे. एखादी कंपनी भारतीय रुग्णांवर सिद्ध झालेलं औषध म्हणून काही विकत असेल आणि त्या नावाची नोंदच सापडत नसेल, तर विक्रेत्याकडे नोंदणी क्रमांक मागा.

सापडलेल्या सारांशाचं पान मोबाइलवर सेव्ह करून किंवा छापून घेऊन या. व्हिडिओ नको. पाच मिनिटांच्या भेटीत दहा मिनिटांचा व्हिडिओ पाहता येत नाही, पण एक पान वाचून होतं. आणि चालू औषध तोपर्यंत बंद करू नका.